हे कोणी पाहिलं?

*ताई, मी पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आहे. 'शाळकरी मुलांची झोप आणि मोबाईल' या विषयावर निबंध लिहिला. गाईड मॅडमनी किमान पाच प्राथमिक स्रोत मागितले होते. मी पाच लेख शोधले, पाचही नावाजलेल्या जर्नलमधले. तरी निबंध परत आला. तीन लेखांपुढे समासात 'हा प्राथमिक स्रोत नाही' असं लिहिलंय. त्यातला एक रिव्ह्यू पेपर आहे, एक मेटा-ॲनालिसिस आणि एक दोन पानांची कॉमेंटरी. चौथ्या लेखापुढे 'हे यांचं म्हणणं नाही, मूळ लेख पाहा' असा शेरा आहे. जर्नलमधला लेख प्राथमिक नसेल तर प्राथमिक असतं तरी काय? दुसरं म्हणजे मला हे लेख वाचताच येत नाहीत. पहिल्या पानापासून सुरुवात करते, पद्धतीच्या भागात अडकते आणि मग सारांशावरून लिहून मोकळी होते. वर्गात सगळे तेच करतात. आता सगळा निबंध नव्याने लिहू का? आणि विकिपीडिया अजिबातच चालत नाही का?*

*— समासात अडकलेली*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात दोन तक्रारी आहेत, पण मला त्या एकाच गाठीच्या वाटतात. 'प्राथमिक' किंवा 'दुय्यम' हा शिक्का आपण अख्ख्या लेखावर मारायला जातो. तो आधी वाक्यावर मारून बघ. कुठलंही वाक्य निबंधात घेण्याआधी विचार: हे कोणी पाहिलं? लिहिणाऱ्याने स्वतः मोजलं, विचारलं, तपासलं असेल तर ते प्राथमिक. दुसऱ्या कोणी पाहिलेलं तो सांगत असेल तर दुय्यम. आणि कोणीच पाहिलेलं नसेल, पुढे काय असू शकेल याचा तो अंदाज बांधत असेल, तर ते त्याचं मत. एकाच शोधनिबंधात ही तिन्ही प्रकारची वाक्यं असतात. आपल्या सुदैवाने ती बहुतेक वेळा वेगवेगळ्या भागांत असतात. त्यामुळे लेखाचे भाग कळले की स्रोताचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो.

चौथ्या लेखावरच्या शेऱ्यापासून सुरुवात करू, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ते वाक्य तू प्रस्तावनेतून उचललं असणार. प्रस्तावना वाचायला सोपी असते आणि दर दोन ओळींनी घेण्याजोगं काहीतरी सापडतं. 'झोप कमी झाली की वर्गातलं लक्ष कमी होतं' असं एखादं वाक्य, त्याच्यापुढे कंसात दोन आडनावं आणि एक वर्ष. त्या कंसाचा अर्थ सरळ आहे: हे आम्ही पाहिलेलं नाही, यांनी पाहिलंय. तू कंस गाळलास आणि वाक्य सांगणाऱ्याच्या नावावर टाकलंस. मॅडमनी नेमकं तेच पकडलं. प्रस्तावना म्हणजे आधी कोणी काय केलं आणि त्यात काय राहून गेलं याची हकिकत. लेखकांचं स्वतःचं असं त्यात सहसा एकच असतं, शेवटच्या परिच्छेदातला प्रश्न: 'म्हणून आम्ही अमुक तपासायचं ठरवलं.'

तू म्हणशील, वाक्य तर खरंच आहे, मग नाव कोणाचं का असेना. तर वैद्यकातली एक गोष्ट सांगते.

जानेवारी 1980 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. शोधनिबंध नव्हे, संपादकांना लिहिलेलं अवघ्या पाच वाक्यांचं पत्र. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. अफूवर्गीय वेदनाशामक निदान एकदा तरी दिलेले 11,882 रुग्ण होते, आणि आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त 4 जणांना ते जडल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद सापडली, असं पत्रात म्हटलं होतं. औषध घरी नेऊन महिनोन्महिने घेणाऱ्यांबद्दल त्यात काहीच नव्हतं. पुढे मात्र हे पत्र 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याचा माग काढला आणि तो त्याच जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पत्राचा हवाला 608 ठिकाणी दिलेला सापडला. त्यातल्या 72.2 टक्के ठिकाणी तो व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून होता, आणि 80.8 टक्के ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते एवढी साधी गोष्टही नोंदवलेली नव्हती. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने किती माणसं गेली हे आता जगजाहीर आहे. सगळं पाप त्या पत्राच्या माथी मारणं चूक ठरेल, औषध कंपन्यांच्या प्रचाराचा वाटा फार मोठा होता. पण त्या प्रचाराला टेकू मिळाला तो कानगोष्टींच्या खेळासारख्या चालत आलेल्या हवाल्यांचा. जर्नलने आता त्या पत्रावर वाचकांसाठी सावधगिरीची टीप लावली आहे.

जर्नल नामांकित, आकडे खरे, पत्र लिहिणाऱ्यांनी लबाडीही केलेली नाही. मागून हवाला देणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहिल्या नाहीत: हा कुठल्या प्रकारचा मजकूर आहे, आणि त्यांनी नेमकं कोणाला पाहिलं होतं. पहिलीचं उत्तर बहुतेक वेळा पानाच्या डोक्यावरच छापलेलं असतं. दुसरीचं उत्तर, तू जिथे अडकतेस त्या पद्धतीच्या भागात असतं.

पद्धतीचा भाग ओळीने समजलाच पाहिजे असं तुला कोणी सांगितलं? संख्याशास्त्राच्या चाचण्यांची नावं पहिल्या वाचनात सरळ ओलांडून जा. कोणाला पाहिलं, किती जणांना, ते कसे निवडले आणि कशाने मोजलं, एवढंच शोध. तुझ्याच विषयाचं कल्पित उदाहरण घेऊ. समज, एका अभ्यासात मुलांची झोप पालकांना प्रश्नावली देऊन मोजली आणि दुसऱ्यात मनगटावर बांधायच्या यंत्राने. पालकांना मूल अंथरुणावर कधी गेलं ते माहीत असतं. पांघरुणात मोबाईल कधीपर्यंत चालू होता ते माहीत असतंच असं नाही. दोन्ही अभ्यासांत 'झोपेचे तास' हाच शब्द येईल, पण मोजलेल्या गोष्टी वेगळ्या. किंवा समज, 400 घरी प्रश्नावली गेली आणि 150 परत आल्या. ज्या 250 घरांनी उत्तर दिलं नाही, तिथली मुलं उशिरा झोपणारी असतील का? लेखात यावर चकार शब्द नसेल तर तूच तो निबंधात लिही. असल्या एका वाक्यावर मॅडम खूश होतील.

आणखी एक बघ. मुलांना एकदाच विचारलं की वर्षभर त्यांचा मागोवा घेतला? एकदाच विचारलं असेल तर जास्त मोबाईल आणि कमी झोप या गोष्टी सोबत आढळल्या एवढंच म्हणता येतं. मोबाईलमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून मूल मोबाईल घेऊन बसतं, हे त्यातून ठरत नाही. 'सहसंबंध आढळला' याचं तुझ्या निबंधात 'मोबाईलमुळे झोप कमी होते' झालंय का, तेवढं शोधून बघ. झालं असणार, सगळ्यांचं होतं.

आता रिझल्ट्स. लेखकांनी स्वतः पाहिलेलं ते इथे. प्राथमिक स्रोत म्हणून ज्याचा हवाला द्यायचा तो मजकूर मुख्यतः या भागात असतो, आणि विद्यार्थी नेमका हाच भाग गाळतात, कारण तो रुक्ष असतो. माझं ऐक, आधी तक्ते आणि आलेख बघ, भोवतीची वाक्यं नंतर. तक्त्याचं शीर्षक, रकान्यांची नावं, प्रत्येक रकान्यात किती जण आणि खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा. टक्के दिसले की 'कितीपैकी' हे विचारायचं. आठातले दोन म्हणजेही 25 टक्केच.

'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' या शब्दांना तर अजिबात भुलू नकोस. समज, हजारो मुलांच्या अभ्यासात रात्री मोबाईल वापरणारी मुलं सरासरी सहा मिनिटं कमी झोपतात असं आढळलं आणि पुढे 'पी' ही किंमत 0.05 पेक्षा कमी दिली आहे. याचा अर्थ असा की मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता कमी होती. फरक मोठा आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सहा मिनिटं ती सहाच मिनिटं. नमुना पुरेसा मोठा असला की किरकोळ फरकही 'लक्षणीय' ठरतो. म्हणून निबंधात फरक किती ते लिही, नुसतं 'लक्षणीय' लिहून सोडू नकोस.

चर्चेच्या भागात लेखक आपल्या आकड्यांचा अर्थ लावतात, आधीच्या कामाशी जुळवून बघतात आणि पुढे काय करावं ते सुचवतात. इथली क्रियापदं जपून वाच: 'असू शकेल', 'सूचित होतं', 'शक्यता नाकारता येत नाही'. ही मतं आहेत. घ्यायला काहीच हरकत नाही, पण 'लेखकांच्या मते' असं म्हणून घ्यायची. मर्यादांचा परिच्छेदही बहुतेक वेळा याच भागात असतो. तो कधीही सोडू नकोस, कारण आपल्या कामात काय कमी आहे ते लेखक स्वतः सांगत असतात.

त्या परिच्छेदाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं? 1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यात पाहिलेली मुलं होती 12. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि त्यांनी वर्णन केलेला आजार यांच्यातला संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असं त्या लेखाच्या चर्चेतच लिहिलेलं होतं! तरी लसीमुळे स्वमग्नता येते ही भीती जगभर पसरली, आणि ती पसरवण्यात वेकफील्ड यांची पत्रकार परिषदेतली विधानंही होती. पुढे त्या कामातले गैरप्रकार उघड झाले आणि 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला. मागे घेतलेले लेख इंटरनेटवरून गायब होत नाहीत. जर्नलच्या स्वतःच्या पानावर मात्र ठळक सूचना असते. म्हणून कुठून तरी मिळालेल्या पीडीएफवर विसंबून न राहता, हवाला देण्याआधी एकदा मूळ पानावर जाऊन यायचं.

सारांशाबद्दल तुला रागावणार होते, पण 'सगळे तेच करतात' हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून सोडते. सारांश असतो तो हा लेख वाचायचा की बाजूला ठेवायचा हे ठरवण्यासाठी. दोन-अडीचशे शब्दांत लेखक आपलं सगळ्यात उजळ ते पुढे ठेवतात, मर्यादांना तिथे फारशी जागा उरत नाही. सारांशातलं विधान तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय निबंधात आणायचं नाही, एवढा नियम पाळ.

मग वाचायचं कुठल्या क्रमाने? शीर्षक आणि सारांश वाचून लेख ठेवायचा की नाही ते ठरव. ठेवलास तर प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे प्रश्न काय ते कळेल. तिथून थेट तक्त्यांवर उडी मार, मग चर्चेचा पहिला परिच्छेद आणि मर्यादा. एवढ्यावर लेख उपयोगाचा वाटला तरच पद्धतीकडे ये. आता ती वाचायला जड जाणार नाही, कारण काय शोधायचं ते तुला माहीत असेल. बाकीची प्रस्तावना सर्वांत शेवटी, तीही मुख्यतः कंसातली नावं टिपायला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचणारे संशोधक मला तरी फारसे भेटलेले नाहीत.

प्रत्येक लेखात हे भाग असतीलच असं नाही. जर्नल ही गोष्ट 1665 पासून आहे, पण प्रस्तावना, पद्धती, रिझल्ट्स, चर्चा हा साचा सर्रास झाला तो विसाव्या शतकात. 1953 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख पानभराहून थोडा मोठा आहे आणि त्यात असं एकही उपशीर्षक नाही. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या विषयांतल्या लेखांत आजही तो साचा क्वचितच दिसेल. तिथे 'हे कोणी पाहिलं' हा प्रश्न परिच्छेदागणिक विचारावा लागतो.

आता तुझे तीन लेख. रिव्ह्यू पेपर लिहिणाऱ्यांनी एकाही मुलाची झोप मोजलेली नाही. ज्यांनी मोजली त्यांचे लेख त्यांनी वाचले. म्हणून तो दुय्यम. दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा, असं मात्र मनात आणू नकोस. चांगला पद्धतशीर आढावा एकेकट्या लहान अभ्यासापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. फक्त तो कसा केला ते त्यात सांगितलेलं हवं: कुठे शोधलं, कुठले शब्द टाकून शोधलं, काय घेतलं, काय वगळलं आणि का. ज्या आढाव्यात हे नाही, तो त्या लेखकाने आपल्या आवडीने केलेला फेरफटका समज. वाचायला छान, पण त्याला न आवडलेले अभ्यास त्यात असतीलच याची हमी नाही.

मेटा-ॲनालिसिसचं प्रकरण थोडं वादाचं आहे. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून लेखक नवं गणित मांडतात, त्यामुळे निघालेला आकडा त्यांचा स्वतःचा असतो, पण मुलं दुसऱ्यांनी पाहिलेली असतात. बहुतेक विभाग त्याला दुय्यम धरतात, काही प्राथमिक मानतात. मला विचारशील तर दुय्यम, पण इथे माझं मत चालणार नाही, मॅडमचं चालेल.

कॉमेंटरी, संपादकीय आणि संपादकांना पत्र ही बहुधा मतं असतात, मग जर्नल कितीही मोठं असो. पोर्टर आणि जिक यांच्यासारख्या एखाद्या पत्रात स्वतःची निरीक्षणंही असतात, पण पाच वाक्यांत पद्धत किती मावणार? इथे 'पिअर रिव्ह्यू झालेलं जर्नल' या शब्दांनी बरेच जण फसतात. जर्नलमध्ये पिअर रिव्ह्यू होतो म्हणून त्यातल्या प्रत्येक पानाचा झालेला असतो असं नाही. संपादकीयं आणि मतलेख अनेकदा त्याशिवायच छापले जातात. आणि जिथे होतो तिथेही दोन-तीन जाणकार हस्तलिखित वाचून शंका काढतात, प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. प्रीप्रिंटचा, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच इंटरनेटवर टाकलेल्या लेखाचा, तर तेवढाही झालेला नसतो. भौतिकशास्त्रात 'अर्काइव्ह' या संकेतस्थळावर 1991 पासून असे लेख टाकणं चालू आहे आणि तिथल्या लोकांना त्याची सवय आहे. तू प्रीप्रिंट वापरलास तर तो प्रीप्रिंट आहे असं निबंधात स्पष्ट लिही, आणि नंतर जर्नलमध्ये छापून आलाय का तेही पाहा.

शिवाय तुझा प्रश्न बदलला की स्रोताची जातही बदलते. 'मोबाईलने मुलांची झोप बिघडते का' यासाठी वर्तमानपत्रातली बातमी दुय्यमही धड नाही. पण 'वर्तमानपत्रं मुलांच्या मोबाईलबद्दल कशा भाषेत लिहितात' हा तुझा विषय असता, तर तीच बातमी तुझा प्राथमिक स्रोत झाली असती. घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली बखर त्या घटनेसाठी दुय्यम असते आणि ती लिहिणाऱ्याच्या काळासाठी प्राथमिक.

विकिपीडिया वाच, खुशाल वाच. विषयाची ओळख करून घ्यायला आणि पानाच्या तळाशी दिलेले संदर्भ गोळा करायला तो चांगलाच आहे. हवाला मात्र त्याचा देऊ नकोस. मूळ संशोधन छापायचं नाही हे विकिपीडियाचं स्वतःचंच धोरण आहे, त्यामुळे तिथे प्राथमिक असं काही सापडणार नाही. पाठ्यपुस्तकं आणि विश्वकोश यांचंही असंच, त्यांना तृतीयक स्रोत म्हणतात. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते: दिसायला अगदी खरे, पण अस्तित्वातच नसलेले लेख त्यात निघतात. संदर्भापुढचा 10 या आकड्याने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख-क्रमांक, टाकून पाहा आणि उघडलेल्या पानावर तेच शीर्षक, तीच नावं आहेत का ते तपास. डीओआय असला म्हणजे लेख चांगला असंही नाही हं, तो फक्त पत्ता आहे.

निबंध नव्याने लिहू नकोस. रिव्ह्यू पेपर काढून टाकू नकोस, त्याला 'अमुक यांच्या आढाव्यानुसार' असं म्हण, आणि त्याच्याच संदर्भसूचीतून तुझ्या प्रश्नाला भिडणारे तीन मूळ अभ्यास शोध; तुझे प्राथमिक स्रोत तिथेच आहेत. कॉमेंटरीतलं वाक्य 'लेखकांच्या मते' म्हणून चर्चेच्या परिच्छेदात हलव. चौथ्या लेखातलं वाक्य ज्यांचं आहे त्यांचा लेख मिळव. तो पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर ग्रंथपालांना विचार, किंवा पहिल्या पानावर ज्या लेखकाचा ईमेल दिलेला असतो त्यांना दोन ओळी लिही. बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात. काहीच जमलं नाही तर मूळ लेखकाचं नाव देऊन पुढे 'उद्धृत' असं लिही आणि ज्या लेखात ते वाचलंस त्याचं नाव दे. एखाद्या ठिकाणी हे खपतं, पाच ठिकाणी नाही.

मेटा-ॲनालिसिसचं मात्र मॅडमना आधी विचार आणि मगच शोधायला बस. त्यांनी तो प्राथमिक धरला तर तुला दोनच नवे अभ्यास लागतील.

— तुझी ताई